आई-बाबांच्या पैशांशिवाय शिकतोय, हे अमेरिकेतल्या विद्यापीठाला कसं पटवायचं? इन-स्टेट फीसाठी लागणाऱ्या पुराव्याचं सविस्तर मार्गदर्शन

अमेरिकेत जन्मलेली, पण पुण्या-मुंबईत वाढलेली बरीच मराठी मुलं बारावीनंतर कॉलेजसाठी अमेरिकेत परत जातात. पासपोर्ट अमेरिकेचा असल्यामुळे व्हिसाचा प्रश्न नसतो, आणि फीही तिथल्या मुलांएवढीच असेल असं घरच्यांनी धरलेलं असतं. मग पहिलं बिल येतं आणि त्यावर ‘नॉन-रेसिडेंट’ असं लिहिलेलं असतं. तिथली सरकारी विद्यापीठं राज्यांच्या पैशावर चालतात, त्यामुळे कमी फीचा, म्हणजे इन-स्टेट फीचा, हक्क त्या राज्याच्या रहिवाशाला मिळतो. देशाचं नागरिकत्व त्यासाठी पुरत नाही. आई-बाबा कोथरूडला असतील, तर कॅलिफोर्नियाच्या किंवा टेक्ससच्या हिशेबी मूलही बाहेरचंच. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरातलं मूल कॅलिफोर्नियात शिकायला गेलं, तरी गाडं इथेच अडतं.

फरक मोठा आहे. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत, म्हणजे सॅन होजे, लाँग बीच, फ्रेस्नो वगैरे कॅम्पसांत, २०२४-२५ मध्ये पदवीच्या पूर्णवेळ विद्यार्थ्याची वर्षाची मूळ फी ६,०८४ डॉलर होती. बाहेरच्या विद्यार्थ्याला त्यावर प्रत्येक युनिटमागे (युनिट म्हणजे अभ्यासाच्या भाराचं माप, काही ठिकाणी त्यालाच क्रेडिट म्हणतात) ४२० डॉलर जादा. वर्षाला ३० युनिट घेतली की हा जादा आकडा १२,६०० वर जातो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो इथे, त्याच वर्षी बाहेरच्यांसाठीची जादा फी ३४,२०० डॉलर होती.

ही जादा फी टाळायची, तर त्या राज्यात वर्षभर राहून दाखवावं लागतं, तिथेच कायम राहायचा इरादा दाखवावा लागतो, आणि वय कमी असेल तर आई-बाबांच्या पैशावर अवलंबून नाही हेही सिद्ध करावं लागतं. बरेच अर्ज या तिसऱ्या अटीवर अडकतात. स्वावलंबन अर्जाच्या वेळी उभं करता येत नाही. ते त्याआधीच्या दोन-तीन वर्षांच्या बँक स्टेटमेंटमध्ये, पगाराच्या चिठ्ठ्यांत आणि टॅक्स रिटर्नमध्ये दिसावं लागतं. म्हणून हा लेख दहावी-बारावीतल्या मुलांच्या घरीही वाचला जावा असं मला मनापासून वाटतं.

एकसारखे दिसणारे तीन प्रश्न

पहिला प्रश्न आयकराचा: आई-वडील आपल्या रिटर्नमध्ये तुमचं नाव ‘डिपेंडंट’, म्हणजे त्यांच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती, म्हणून लावतात का, किंवा लावू शकतात का? दुसरा फॅफ्साचा, म्हणजे केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीच्या अर्जाचा. तिथे २४ वर्षं पूर्ण असणं, लग्न झालेलं असणं, पदव्युत्तर शिक्षण, लष्करी सेवा, स्वतःचं मूल सांभाळणं, अनाथ असणं अशा ठरावीक कारणांनीच विद्यार्थी ‘इंडिपेंडंट’ ठरतो. आई-बाबा एक पैसा देत नाहीत, एवढ्यावरून फॅफ्सा तुम्हाला स्वतंत्र मानत नाही. तिसरा प्रश्न विद्यापीठाच्या रेसिडेन्सी कचेरीचा, आणि त्याचे नियम राज्यागणिक बदलतात.

एका ठिकाणी मिळालेलं उत्तर दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. फॅफ्सात ‘डिपेंडंट’ असलेला मुलगा फीसाठी स्वावलंबी ठरू शकतो. उलटही होतं. मात्र तिन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवून तपासले जाऊ शकतात, त्यामुळे एका अर्जात सांगितलेली हकीकत दुसऱ्या अर्जाशी जुळलीच पाहिजे.

ही वाट आपल्याला खुली आहे का?

नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांना खुली आहे. एफ-१ व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला नाही, कारण शिक्षण संपवून परत जाईन असं सांगूनच तो व्हिसा मिळालेला असतो. एच-४ वरच्या, म्हणजे एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्या आई किंवा वडिलांबरोबर आलेल्या, मुलांचं प्रकरण मधलं आहे. कॅलिफोर्निया आणि टेक्सस या दोन्ही राज्यांत एच-४ वर रहिवास मिळू शकतो, पण या मुलांना नोकरीची परवानगी नसते, त्यामुळे स्वतःच्या कमाईवर राहतो हे ती दाखवणार कशी? त्यांनी आई-बाबांच्या रहिवासाच्या आधारे अर्ज करावा, आणि २१ वर्षं पूर्ण होऊन एफ-१ वर जावं लागण्याआधी करावा.

काहींना स्वावलंबन सिद्ध करायची गरजच नसते, हेही आधी बघून घ्या. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत २४ पूर्ण करणाऱ्याला स्वतंत्र मानते. कॅलिफोर्नियातच हायस्कूलची तीन वर्षं करून तिथूनच उत्तीर्ण झालेल्या मुलाला ‘एबी ५४०’ या कायद्याने जादा फी माफ होते, मग आई-बाबा नंतर नागपूरला परत गेलेले असोत. हा कायदा फक्त कागदपत्रं नसलेल्यांसाठी आहे असा गैरसमज आहे. तो नागरिकांनाही लागू होतो.

कॅलिफोर्नियाचा कायदा: ७५० डॉलर आणि सहा आठवडे

कॅलिफोर्नियाच्या एज्युकेशन कोडमधलं ६८०४४ हे कलम स्टेट युनिव्हर्सिटी आणि कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांची सरकारी कॉलेजं) यांच्यासाठी कळीचं आहे. ते तीन गोष्टी विचारतं. आई किंवा वडिलांनी करासाठी तुमचं नाव लावलं आहे का? त्यांच्याकडून वर्षाला ७५० डॉलरपेक्षा जास्त मदत घेतली का? आणि वर्षात एकूण सहा आठवड्यांपेक्षा जास्त त्यांच्या घरी राहिलात का? तिन्ही प्रश्न चालू वर्षाला आणि त्याआधीच्या तीन कॅलेंडर वर्षांना लागू होतात.

७५० डॉलरची मर्यादा वर्षाची आहे, महिन्याची नाही. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को येण्या-जाण्याचं एक तिकीट बाबांनी काढलं, तर त्यातच ती बहुधा संपते. आजीने वाढदिवसाला पाठवलेले डॉलर आईच्या खात्यातून आले, तर स्टेटमेंटवर आईचंच नाव दिसतं. अमेरिकेत राहणाऱ्या आई-बाबांच्या बाबतीत मदत आणखी झिरपत येते: फॅमिली फोन प्लॅन, वडिलांच्या नावावरची गाडी, तिचा विमा, आणि २६ व्या वर्षापर्यंत चालणारा त्यांचा आरोग्य विमा. यातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल प्रश्न येऊ शकतो. फोनचा तुमचा वाटा तुम्ही दर महिन्याला वडिलांना परत पाठवत असाल, तर ती नोंद जपून ठेवा.

सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. आपल्याकडची मुलं इथेच अडकतात. मेच्या अखेरीला परीक्षा संपते आणि मूल ऑगस्टच्या मध्यापर्यंत घरी येतं. आमरस, मावशीकडचं लग्न, डोळे आणि दात तपासून घेणं, यात अडीच महिने जातात आणि ते वर्ष हातचं जातं. पासपोर्टवरचे शिक्के आणि विमानाची तिकिटं दिवसांचा हिशेब देतात. घरी जरूर या, पण तीन-चार आठवड्यांसाठी या आणि उन्हाळ्याचा उरलेला काळ कॅलिफोर्नियात नोकरी करा. कमाई होते, शिवाय सुट्टीतही मुक्काम तिथेच होता हा इराद्याचा चांगला पुरावा मिळतो.

तीन वर्षं मागे जायचं म्हटल्यावर १९ वर्षांच्या मुलाने आशा सोडावी का? नाही. कम्युनिटी कॉलेजांच्या नियमांत चालू आणि लगेच आधीच्या वर्षातलं अवलंबित्व सर्वात जड पडतं. त्यामागच्या वर्षांचं वजन कमी असतं. म्हणून निदान दोन कॅलेंडर वर्षं अगदी स्वच्छ ठेवायची असं ठरवा आणि सुरुवात १ जानेवारीपासून करा. ऑगस्टपासून स्वतःचा खर्च स्वतः उचलला, तरी त्या वर्षीच्या जानेवारी ते जुलैमध्ये आलेले आईचे पैसे त्याच कॅलेंडर वर्षात मोजले जातात.

कायद्यातला आणखी एक बारकावा लक्षात घ्यावा. ही अट, आधी नॉन-रेसिडेंट म्हणून दाखल झालेल्या आणि नंतर रेसिडेंट म्हणून नोंद बदलून मागणाऱ्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेली आहे. त्यामुळे १८ पूर्ण झाल्यावर आधी कॅलिफोर्नियात येऊन वर्षभर नोकरी करणं, लायसन्स, भाडेकरार, राज्याचा कर हे सगळं उभं करणं आणि मग कम्युनिटी कॉलेजात पहिल्यांदा नाव घालणं ही वाट पुष्कळ सोपी पडते. तिथे रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर पडतात. दोन वर्षांनी तिथून स्टेट युनिव्हर्सिटीत किंवा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात बदली घेता येते. आपल्या घरांत ‘वर्ष वाया गेलं’ या शब्दांची फार भीती असते. या एका वर्षाने १२,६०० डॉलरचं जादा ओझं दरवर्षी टळत असेल, तर ते वाया गेलं असं मी तरी म्हणणार नाही.

बेरीज जुळते का?

रेसिडेन्सी कचेरीतला माणूस तुमची फाइल उघडून आधी जमा आणि खर्च समोरासमोर मांडतो. तुम्हीही तेच करा, आणि अर्जाच्या वर्षभर आधी करा.

समजा, तुम्ही २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या किमान वेतनावर, तासाला १६ डॉलरने, आठवड्याला २० तास आणि वर्षाला ५० आठवडे काम केलं. कमाई १६,००० डॉलर. खोलीत वाटेकरी घेऊन महिन्याला ८५० भाडं आणि ३५० जेवणखाण धरलं, तर वर्षाचे १४,४०० झाले. इथपर्यंत जमतं. त्यात मूळ फी ६,०८४ आणि जादा फी १२,६०० मिळवली की खर्च ३३,०८४ होतो. खड्डा १७,०८४ डॉलरचा. पुस्तकं, बस, विमा, कॅम्पसची किरकोळ फी आणि पगारातून कापला जाणारा कर अजून धरलेलाच नाही.

हे पैसे आले कुठून, हाच प्रश्न तुम्हाला विचारला जाणार. स्कॉलरशिप, स्वतःच्या नावावरचं केंद्रीय शैक्षणिक कर्ज आणि आधीच्या कमाईतली शिल्लक ही पटणारी उत्तरं आहेत. पहिल्या वर्षी डिपेंडंट विद्यार्थ्याला केंद्राचं थेट कर्ज जास्तीत जास्त ५,५०० डॉलर मिळतं. वडिलांच्या सहीने घेतलेलं खासगी कर्ज किंवा त्यांच्या नावावरचं पॅरेंट प्लस कर्ज तुमच्या बाजूने मोजलं जाईल अशी आशा धरू नका. आई-बाबा मालक असलेलं ५२९ खातंही (शिक्षणासाठीचं बचत खातं) त्यांचीच मदत समजा. ‘क्रेडिट कार्डावर भागवलं’ असं सांगितलंत, तर ते कार्ड कोणी फेडलं हा पुढचा प्रश्न तयार असतो.

शिल्लक दाखवताना एक गोष्ट सांभाळा. खात्यात सप्टेंबरमध्ये एकदम २०,००० डॉलर जमा झाले आणि त्यातूनच फी गेली, तर त्याला कोणी तुमची बचत म्हणणार नाही. आजोबांनी तुमच्या नावावर ठेवलेली मुदत ठेव मोडून पैसे आणले असतील, तर ठेव कधी ठेवली तिथपासूनचे कागद द्या. नागरिक म्हणून तिच्यावरचं व्याज तुमच्या अमेरिकन रिटर्नमध्ये दाखवायचं असतं. परदेशी खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकेचा फॉर्म, हाही भरावा लागतो. तो भरलेला नसेल, तर ठेवीचा पुरावा देतानाच नवी अडचण उभी राहते.

खड्डा भरून निघत नसेल, तर युनिटं कमी घ्या आणि कामाचे तास वाढवा. तेही झेपणार नसेल, तर हा अर्ज करू नका. शिक्षण आई-बाबांच्या पैशावर चालू असेल, तर त्यात कमीपणा काही नाही. पण हे अर्ज खोटेपणाच्या शिक्षेची जाणीव ठेवून सही करायचे असतात. खोटं सापडलं की फीतला फरक मागच्या तारखेपासून वसूल होतो आणि शिस्तभंगाची कारवाई वेगळी होते.

टेक्सस आणि वॉशिंग्टन

टेक्ससचा पहिला प्रश्न करातला आहे: आई-वडिलांना तुमचं नाव डिपेंडंट म्हणून लावता येतं का? येत असेल, तर त्यांचा रहिवास तोच तुमचा. येत नसेल, तर सत्राच्या सेन्सस तारखेआधी (विद्यार्थिसंख्या अधिकृतपणे मोजतात तो दिवस) सलग १२ महिने टेक्ससमध्ये राहून तिथे ठाण मांडल्याचं दाखवायचं. त्याचा मुख्य मार्ग म्हणजे नोकरी. ती आठवड्याला सरासरी २० तासांची हवी, किंवा फी आणि राहणीमानाचा निम्मा खर्च भागेल एवढी मिळकत देणारी हवी. विद्यार्थी आहात म्हणून मिळालेलं काम, म्हणजे वर्क-स्टडी किंवा असिस्टंटशिप, यात धरत नाहीत. कॅम्पसच्या लायब्ररीत काम करणाऱ्या मुलांना हे शेवटच्या क्षणी कळतं. कामाची जागा कॅम्पसबाहेर शोधा.

वॉशिंग्टनमध्ये सत्राला सहापेक्षा जास्त क्रेडिट घेणारा बाहेरचा विद्यार्थी शिक्षणासाठीच आला आहे असं धरलं जातं, आणि तो काळ वर्षाच्या रहिवासात सहसा मोजत नाहीत. म्हणून तिथे वर्षभर सहा किंवा त्याहून कमी क्रेडिट आणि पूर्णवेळ नोकरी, हाच क्रम ठेवावा. चालू आणि मागच्या वर्षी आई-बाबांनी करात नाव लावलेलं नसावं, हेही बघतात.

फाइल

कागद अर्जाच्या आठवड्यात गोळा करू नका, दर महिन्याला लावत चला. सगळ्या पगारांच्या चिठ्ठ्या, मालकाने दिलेला वर्षाअखेरचा पगाराचा दाखला, म्हणजे डब्ल्यू-२, स्वतंत्र काम केलं असेल तर त्या कमाईचा १०९९. स्वतःचं केंद्राचं आयकर रिटर्न, म्हणजे १०४०, आणि राज्याचं रिटर्न, कॅलिफोर्नियात ते फॉर्म ५४० असतं. उत्पन्न मर्यादेखाली असल्यामुळे रिटर्न भरणं बंधनकारक नसलं तरी भरा, कारण करखात्याचं ट्रान्सस्क्रिप्ट, म्हणजे रिटर्नचा अधिकृत उतारा, मिळतं आणि त्यावर कोणी शंका घेत नाही. १०४० वर ‘दुसरं कोणी तुमचं नाव डिपेंडंट म्हणून लावू शकतं’ अशा अर्थाची चौकट असते. ती विचारपूर्वक आणि खरी भरा. ‘लावलं का’ असं ती विचारत नाही, ‘लावू शकतं का’ असं विचारते.

भाडेकरार तुमच्या नावावर हवा. क्रेडिटचा इतिहास नसल्यामुळे घरमालक वडिलांची जामीनकी मागतात, तेव्हा इतर विद्यार्थ्यांबरोबर एखाद्या खोलीचा सबलीज घेणं बरं पडतं. भाडं रोखीत देऊ नका. लायसन्स वेळेत काढा. कॅलिफोर्नियात राहायला आल्यावर त्यासाठी १० दिवसांची आणि गाडीच्या नोंदणीसाठी २० दिवसांची मुदत असते. मतदार नोंदणी, डॉक्टर, बँकेचा पत्ता सगळं नव्या राज्यातलं करा. जुन्या राज्याचं लायसन्स खिशात ठेवून नव्या राज्याचा इरादा दाखवता येत नाही.

बँक स्टेटमेंट स्वतः वाचा, ओळन् ओळ. झेल या पैसे पाठवायच्या सेवेवरून आलेल्या ३०० डॉलरसमोर आईचं नाव आणि ‘रेंट’ असा शेरा असेल, तर तपासणारा तिथेच बोट ठेवेल. अशा प्रत्येक जमेचं दोन ओळींचं स्पष्टीकरण लिहून जोडा. आईसोबतचं संयुक्त खातं असेल, तर ते बंद करून एकट्याच्या नावाचं उघडा. संयुक्त खात्यातला पैसा कोणाचा, हे पटवताना दमछाक होते.

आई-बाबांच्या बाजूने

अमेरिकेतल्या पालकांनी मुलाचं नाव करातून काढण्याआधी हिशेब करावा. त्यांची अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट, म्हणजे वर्षाला २,५०० डॉलरपर्यंतची सवलत, जाऊ शकते. फीतली बचत त्याहून मोठी असेल, तरच यात अर्थ आहे.

भारतातल्या पालकांच्या कागदांतूनही मदत दिसते. तुमच्या शिक्षणासाठी वडिलांनी इथे कर्ज काढून जुन्या करपद्धतीत कलम ८०ई खाली व्याजाची वजावट घेतली असेल, तर त्यांचं रिटर्न मागवल्यावर ते सरळ समोर येतं. बँकेतून डॉलर पाठवताना भरलेल्या ए-२ फॉर्मवर पैसे कशासाठी चाललेत तेही लिहिलेलं असतं. बाबा अमेरिकेत रिटर्न भरत नसतील, तर तसं पत्र आणि त्यांच्या भारतीय रिटर्नची पोच तयार ठेवा. पालकांचं नोटरी केलेलं निवेदनही उपयोगी पडतं, पण ते मोघम नको. ‘आम्ही मुलीला मदत करत नाही’ याऐवजी ‘अमुक तारखेनंतर फी, भाडं, जेवण, विमा, फोन यांपैकी कशासाठीही पैसे दिलेले नाहीत, अमुक महिन्यात २०० डॉलर भेट दिली’ असं लिहा. दिलेली छोटी रक्कम कबूल केलेली असली, की बाकीच्या निवेदनावर विश्वास बसतो.

अर्ज, तारखा आणि नकार

कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत फॉल सत्रासाठी २० सप्टेंबर आणि स्प्रिंगसाठी २५ जानेवारी या तारखांना तुमचा रहिवास तपासतात. त्या दिवसाआधी पूर्ण वर्ष झालेलं हवं. १८ वर्षांखालच्या मुलाचा रहिवास पालकांबरोबर मोजतात, त्यामुळे पालक बाहेर असतील तर स्वतःचं वर्ष १८ पूर्ण झाल्यावरच सुरू होतं. अर्ज स्वीकारायची मुदत मात्र प्रत्येक कॅम्पसची वेगळी आणि बरीच आधीची असते. ती कॅम्पसच्या रेसिडेन्सी कचेरीकडून लेखी विचारून घ्या.

अर्जासोबत एक पानाचं पत्र जोडा: कधी आलात, कुठे राहता, कुठे काम करता, वर्षाचा खर्च किती आणि तो कशाकशातून भागला. आकडे जोडलेल्या कागदांशी जुळले पाहिजेत. भावनिक मजकूर नको, तपासणाऱ्याला बेरीज हवी असते.

नकार आला, तर कारण नीट वाचा. एकदा बाहेरचा ठरलेला विद्यार्थी कायमचा बाहेरचा, असं राज्याला म्हणता येत नाही. १९७३ मध्ये ‘व्लँडिस विरुद्ध क्लाइन’ या कनेक्टिकटच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तसा नियम रद्द केला आणि पुरावा मांडायची संधी विद्यार्थ्याला मिळालीच पाहिजे असं सांगितलं. स्टेट युनिव्हर्सिटीत कॅम्पसच्या निर्णयावर चॅन्सेलरच्या कचेरीकडे लेखी अपील करायला ३० दिवस असतात. अपिलात तेच कागद पुन्हा पाठवून काही होत नाही. नकाराच्या कारणाला नेमकं उत्तर देणारा कागद हवा. ‘मार्चमधली ४,००० डॉलरची जमा स्पष्ट नाही’ असं म्हटलं असेल, तर ती गाडी विकून आली होती हे दाखवणारी पावती आणि नाव बदलल्याची नोंद पाठवा. तसा कागद नसेल, तर अपिलात वेळ न घालवता पुढच्या सत्राच्या तारखेकडे बघा आणि तोवर स्टेटमेंटमध्ये तशी एकही ओळ येऊ देऊ नका.